गाव खाली करा

२०२० सालच्या ऑगस्टमधला शेवटचा रविवार. घरोघरी गणपती बसलेले होते, महालक्ष्म्या उठून दोन-तीन दिवस झाले होते. कोरोनामुळे आमच्या शाळेला मार्चपासून कुलूप होतं. ते त्या दिवशी सकाळी मी उघडलं आणि पाचही वर्गांतली बाकं भिंतीला लावली. कोपऱ्यात जाळी, पंख्यावर चिमणीचं घरटं, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. दुपारपर्यंत नदीकाठच्या दोन टोल्यांमधली माणसं तिथं येऊन बसली. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं होतं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते आणि वैनगंगा आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात पसरत चालली होती.

मोबाइलवर एक तक्ता आला होता. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'इव्हॅक्युएशन लिस्ट'. खाली रकाने : अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, एकूण व्यक्ती, कोठून, कोठे, शेरा. वीज नव्हती, त्यामुळे प्रिंट काढायचा प्रश्नच नव्हता. जुन्या हजेरीपटाची मागची कोरी पानं घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि मथळा लिहायला पेन टेकवला. तिथंच अडलो. मी मराठी शिकवतो. मुलांकडून समानार्थी शब्द पाठ करून घेतो. पण त्या घडीला या एका शब्दासाठी मला मराठी सापडेना. 'स्थलांतरित' लिहावं, तर आमच्याकडं स्थलांतर म्हणजे दिवाळीनंतर बाहेरगावी कामाला जाणं. 'विस्थापित' लिहावं, तर ते धरणवाल्यांचं. 'पूरग्रस्त' लिहावं, तर पाणी अजून घरात शिरायचं होतं. शेवटी मी लिहिलं, 'गाव सोडून आलेल्यांची यादी'.

नाव सांगायला पहिला आला तो ढीवर समाजातला एक म्हातारा. साठ वर्षं नदीत जाळं टाकलेला माणूस. चार बुकं शिकलेला असल्यामुळे त्यानं मथळा वाचला आणि बोट ठेवलं.

"सोडून नाई आलो, गुर्जी. निंगून आलो."

मी 'सोडून' खोडलं आणि वर 'निघून' लिहिलं. त्या खाडाखोडीचं पान अजून माझ्याकडं आहे. पुढं तक्ता टाइप होऊन गेला, त्यात मथळा परत इंग्रजीच झाला. पण त्या म्हाताऱ्यानं बोट ठेवलेली जागा काही माझ्या मनातून गेली नाही. सोडणं आणि निघणं यात जे अंतर आहे, त्यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे.

मी लहान असताना असाच पूर आला होता. तेव्हा मोबाइल नव्हते, कोतवाल होता. रात्री पावसात डफ भिजून बद्द वाजत होतं, म्हणून त्यानं ते ठेवून दिलं आणि नुसत्या तोंडानं दवंडी दिली : "गाव खाली करा हो! गाव खाली करा!" मी गोधडीत उठून बसलो आणि मला भीतीनं रडूच आलं. नदी आमच्या घराच्या खालच्या अंगाला. खाली म्हणजे घाट, खाली म्हणजे पाणी. मग हा माणूस खाली का जायला सांगतो? मी आईला विचारलं, "खाली पानी हाये ना माय, मंग खाली कायले जाचं?" ती पेटीत कपडे कोंबत होती. मान वर न करता म्हणाली, "खाली नाई रे बाबू. खाली!" दोन्ही वेळा शब्द तोच. पहिल्यांदा तिनं हात खाली केला, दुसऱ्यांदा हात झटकला, भांड्यातलं उरलंसुरलं पाणी झटकून टाकावं तसा. त्या झटक्यानं मला कळलं, की गाव रिकामं करायचं आहे.

हे दोन 'खाली' दिसायला जुळे असले तरी घराणी वेगळी आहेत. 'वर-खाली'तला खाली आपला घरचा. 'जागा खाली करा'तला खाली अरबी, फारसीच्या बोटाला धरून आलेला, म्हणजे रिकामा. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस 'घर रिकामं करा' म्हणेल. आम्ही नागपूर-चांद्याकडचे, हिंदीच्या शेजारानं राहिलेले. आमच्याकडं एसटीची सीट खाली असते, धानाची कोठी खाली होते, भाडेकरू खोली खाली करतो. त्यामुळे आमच्या पुराचं वाक्य असं होतं, की गाव खाली करा आणि वर या.

इंग्रजी शब्दाच्या पोटातही हेच रिकामेपण आहे. लॅटिनमध्ये 'व्हॅक्युअस' म्हणजे रिकामा. व्हॅक्यूम म्हणजे निर्वात पोकळी त्याच घरातली. तो शब्द आधी वैद्यांच्या तोंडी होता, पोट साफ होण्यासाठी. डॉक्टर मंडळी आजही तसा वापरतात. मग तो सैन्याकडं गेला : किल्ला खाली करणं, ठाणं खाली करणं. मग शहरं खाली होऊ लागली. इथपर्यंत रिकामी होते ती जागा. पुढं माणसांनाच इव्हॅक्युएट करू लागले. दुसरं महायुद्ध सुरू होताना, सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत, ब्रिटननं बाँबहल्ल्याच्या धास्तीनं सुमारे १५ लाख माणसं शहरांतून खेड्यांत पाठवली. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधलेली. तेव्हापासून हा शब्द घराघरांत शिरला. शब्दाचा मूळ अर्थ धरून बसणाऱ्या इंग्रजी जाणकारांना हा वापर खटकत असे. गाव रिकामं करता येतं, माणूस कसा रिकामा करणार?

मराठीत ही अडचण आलीच नाही. 'गाव खाली केलं' आपण म्हणतो. 'माणसं खाली केली' असं कुणाच्या तोंडून निघणारच नाही. निघालंच तर ऐकणाऱ्याला वाटेल, बैलबंडीतून उतरवली. जागेसाठी एक क्रियापद, माणसांसाठी दुसरं. मला ही भाषेची मोठी शहाणीव वाटते. एकाच शब्दात दोन्ही कोंबली, की जागा मोकळी झाली म्हणजे काम संपलं असं वाटू लागतं. दोन शब्द असले, की दुसरा प्रश्न उभा राहतोच : गाव खाली झालं खरं, पण माणसं कुठं गेली?

पेपरात यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं, 'नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले'. मी हे वाक्य शेकडो वेळा वाचलं असेन, पण शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून ते पहिल्यांदा ऐकलं. एक जण मोबाइलवर बातमी मोठ्यानं वाचत होता. 'हलवण्यात आले' म्हणताच बाजूची एक बाई दचकली. "कोनाले हलवलं?" तिला वाटलं, कुणीतरी आजारी आहे. आमच्या भागात माणूस हलवला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यानं हात टेकले. 'रात्री नागपूरला हलवलं', 'मेडिकलला हलवलं' हे शब्द कानी पडले, की बायका पदर तोंडाला लावतात. हलवलेला माणूस परत येईल की नाही, हे त्या शब्दात सांगितलेलं नसतं.

त्याच शब्दावरून संध्याकाळी तिसरीच गोष्ट निघाली. एका घरानं येताना गणपती आणला होता. बापानं मूर्ती डोक्यावर घेतलेली, वर पोरानं युरियाचं पोतं धरलेलं. मूर्ती चौथीच्या वर्गात टेबलावर ठेवली. पण घरची म्हातारी अस्वस्थ. अनंत चतुर्दशी मंगळवारी, अजून दोन दिवस बाकी. आपल्यात उत्तरपूजा झाली, की मूर्ती जागेवरून थोडी हलवतात. हलवली की देव निघाला. मग उत्तरपूजेआधीच मूर्ती जागेवरून हलली, आता हा गणपती बसलेला म्हणायचा की उठलेला? कुणाला उत्तर सुचेना. शेवटी त्या ढीवर म्हाताऱ्यानंच तोड काढली. म्हणाला, "आपुन हलवला नाई त्याले. तो आपल्या संगं आला." मग आरती झाली. कापूर नव्हता, काडी ओढून केली. पाच वर्गांतली सगळी माणसं उभी राहिली होती. मंगळवारी विसर्जन शाळेच्या हौदाजवळ प्लास्टिकच्या ड्रममध्ये केलं, कारण नदीकडं जायची सोय नव्हती.

आणखी दीड वर्षानं युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. तिथं डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं सरकारनं विमानांनी परत आणली. विदर्भातलीही होती त्यांत. इंग्रजी बातम्यांत तोच शब्द, इव्हॅक्युएशन. मराठी बातम्यांत मात्र 'सुखरूप मायदेशी आणले'. १९९० साली कुवेतवर इराकनं हल्ला केला तेव्हा अम्मानहून ४८८ विमानफेऱ्यांतून लाखाहून अधिक माणसं आणली होती, तीही 'आणली'च. इंग्रजी एकाच शब्दात दोन्ही मावतात. मराठीत बाहेरून घरी येणाऱ्याला आणतात आणि घरातून बाहेर काढलेल्याला हलवतात. मुलं घरी आली याचा मला आनंदच झाला, त्यात काही किंतु नाही. पण तेव्हा मला चौथीच्या वर्गातला गणपती आठवला.

आमच्याकडं या सगळ्यांहून जड शब्द 'उठणं' आहे. बाजार उठतो, पंगत उठते, पाल उठतं, बिऱ्हाड उठतं. आणि गाव उठतं. माझ्या आत्याचं गाव उठलं. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हातून बसली तेव्हा आत्याचं लग्न होऊन काहीच वर्षं झाली होती. पवनीच्या वरच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर तिचं सासर. बुडीतात येणार असं कळलं, पण पुढं कितीतरी वर्षं नुसतं 'उठनार, उठनार' चालू राहिलं. त्या काळात गावात कुणी घर बांधलं नाही. भिंत पडली तर कुडावर भागवलं. सोयरिकीला आलेले लोक आधी विचारत, "गाव उठाचं हाये म्हन्ते ना?" आणि मुली द्यायला कचरत. पाणी यायच्या आधीच गावातला जीव थोडा थोडा निघून गेला होता.

मग खरंच उठायची वेळ आली तेव्हा मी मदतीला गेलो होतो. घर मोडायचं काम मी तेव्हा प्रथम पाहिलं. आधी कवेलू उतरवतात, एकेक करून, फुटू न देता. मग फाटे, मग मयाली, मग सागाची चौकट. चौकट निघाली तशी दोन्ही बाजूंची माती भसाभस खाली आली आणि आत्या एकदम अंगणात बसली. चौकटीवर गेरूनं काढलेली लग्नातली बोटं होती. नव्या गावठाणात सिमेंटच्या घराला तीच चौकट बसवली, पण भिंत अरुंद असल्यामुळे ती दोन बोटं बाहेर राहते. येता-जाता खांद्याला लागते. आत्या म्हणते, राहू दे.

नव्या वसाहतीला सरकारी नियमानं १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात. रस्ता, पाणी, शाळा, समाजमंदिर, स्मशान अशी ती यादी आत्याच्या गावच्या पोरांना तोंडपाठ झाली होती, कारण प्रत्येक निवेदनात तीच लिहायची. त्या यादीत मारोती येत नाही, माता माय येत नाही. ते गावकऱ्यांनी आपले आपण आणले. मारोतीला उठवायला पुजारी बोलावला. माता मायचे दगड मात्र म्हाताऱ्या बायकांनी ओटीत घेतले आणि साडेतीन कोस चालत नेले. ट्रॅक्टर रिकामा मागून येत होता.

त्याच धरणाच्या खाली आमचं गाव. वर आत्याचं गाव उठलं आणि खाली आमचं गाव खाली झालं. मी तक्रार मांडत नाही. त्या पाण्यावर पिकलेला धान मीही खाल्ला आहे. पण आत्याच्या पोरानं फोनवर विचारलं, "दादा, तुमी उठून रायले का?" तेव्हा मी जरा जोरातच म्हणालो, "उठत नाई, निंगून रायलो." त्यालाही फरक कळला. म्हणाला, "मंग बरं."

आणि उठून गेलेल्या जागेला काय म्हणायचं, हेही आमच्या मातीत ठरलेलं आहे. आमच्याकडच्या सातबाऱ्यांवर कितीतरी गावांच्या नावापुढं कंसात 'रिठी' लिहिलेलं दिसेल. रिठी म्हणजे जिथं पूर्वी गाव होतं आणि आता कुणी राहत नाही ते. साथीनं, दुष्काळानं, पुरानं, कशानंही उठलेलं. माणूस नाही, घर नाही, पण मौजाचं नाव आहे, सर्व्हे नंबर आहेत, शीव आहे. जनगणनेत त्या गावासमोर लोकसंख्या शून्य येते, तरी नाव गाळत नाहीत. जुन्या महसुली भाषेतला दुसरा शब्द 'बेचिराख'. आज आपण तो बाँबनं उद्ध्वस्त झालेल्या शहराला लावतो, पण त्याचा साधा अर्थ आहे दिवा नसलेलं. चिराख म्हणजे चिराग. संध्याकाळी जिथं एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. गाव खाली झालं की नाही, हे भिंती मोजून न ठरवता दिवे मोजून ठरवणारा तो कोण कारकून असेल, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आमच्या शिवेला लागून अशी एक रिठी आहे. नांगरताना तिथं खापराचे तुकडे निघतात, क्वचित पाट्याचा अर्धा दगड. माती पांढरट. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे पूर्वीचे लोक मातीच्या रंगावरून म्हणत, ते तिथं उभं राहिलं की पटतं. तिथल्या चिंचेखाली एक दगड आहे. आमच्या गावची माणसं पोळ्याला तिथं नारळ फोडून येतात. कुणाचा देव, कुणालाच ठाऊक नाही. पण गाव उठलं तरी देव उपाशी राहू नये म्हणून जातात.

ताडोब्यात गेलो होतो तेव्हा गाइडनं जिप्सी थांबवून एक कुरण दाखवलं. गुडघाभर गवत, त्यात चितळांचा कळप. "इथं जामनी होती," तो म्हणाला. नवेगावचंही असंच. वाघांसाठी जंगलातली गावं बाहेर नेली, मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड त्याच्याही आधी. सगळे पर्यटक वाघाची वाट पाहत होते. मी झाडं पाहत होतो. जंगलातलं आंब्याचं झाड आणि माणसानं लावलेलं आंब्याचं झाड यातला फरक खेड्यातल्या माणसाला लांबून कळतो. कुरण सुंदर होतं, चितळं निवांत चरत होती आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. दोन्ही खरं आहे.

शाळेतल्या त्या रात्री वर्गात कंदील ठेवून मी हे शब्द एकेक आठवत बसलो होतो. निर्वासित, म्हणजे ज्याचा वासच काढून घेतला तो. आमच्या गडचिरोलीतल्या मुलचेराकडं बंगाली निर्वासितांची गावं आहेत, गोंदियातल्या गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. पन्नासहून अधिक वर्षं झाली, नातवंडं मराठी बोलतात, तरी आसपासचे लोक तिला 'कॅम्प' म्हणतात. मग आठवलं 'निष्क्रमण'. सोळा संस्कारांतला एक. बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणून सूर्य दाखवायचा, तो निष्क्रमण. किती प्रेमाचा शब्द! कायद्यानं त्यातूनच 'निष्क्रांत' काढला आणि फाळणीत घरदार मागं टाकून गेलेल्यांच्या मालमत्तेला लावला.

आणि गावपळण. ती आमच्याकडं नाही, सिंधुदुर्गात आहे. मालवण तालुक्यातल्या आचरा गावात काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव वेशीबाहेर जातं. गुरंढोरं, कोंबड्या, म्हातारी-कोतारी, सगळे. तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहायचं, गावात चूलही पेटवायची नाही. मग देवाला विचारून परत यायचं. मी हे ऐकलं तेव्हा वाटलं, इव्हॅक्युएशनला याच्याहून चांगला मराठी शब्द दुसरा नसेल. सगळं गाव मिळून निघतं, कुणी मागं राहत नाही आणि परत साधारण कधी यायचं हे निघायच्या आधीच ठाऊक असतं. तशी परतीची खूण हाती असेल, तर माणूस निघायला काचकूच करत नाही. आमच्या टोलीतले काही जण अगदी शेवटपर्यंत निघत नव्हते, ते हट्टानं नव्हे. 'कधी परत' हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

पण निघायला हवं, हेही तेवढंच खरं. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातलं मोवाड वर्धा नदीच्या पुरात सापडलं आणि २०४ माणसं गेली. पुढं सगळं मोवाड नव्या जागी वसवलं. आमच्या घरी तेव्हा पेपर येत नसे, बातमी रेडिओवर ऐकली. वडील दोन दिवस धड जेवले नव्हते. त्यांचे शब्द मला आठवतात : "दवंडी भेटली असती तं..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. त्यामुळे गाव खाली करा असं कुणी सांगितलं, की वडील सर्वांत आधी बैल सोडत. गोठ्याचे दोर ते रात्री कधी गाठ मारून बांधत नसत, नुसता फास ठेवत. पावसाळाभर.

शाळेत मी 'शेरा'चा रकाना भरत गेलो. तक्त्यात त्याचं काय करायचं हे सांगितलं नव्हतं, म्हणून जो जे सांगेल ते लिहीत गेलो. 'दोन बैल टेकडीवर, बकरी सापडली नाही.' 'मुलीची दहावीची मार्कशीट सोबत.' 'धानाची दीड एकर बांधी पाण्यात.' 'मोहाची दोन पोती माळ्यावर राहिली.' 'सून आठ महिन्यांची, आशाताईंना कळवले.' त्या सुनेची सासू म्हणाली, "पोरगी इथंच मोकरी झाली तं शारेतच पारना बांधीन." बाळंतीण मोकळी होते, पोट रिकामं होतं असं आपण म्हणत नाही. ती मोकळी झाली शाळेतून परत गेल्यावर, तालुक्याच्या दवाखान्यात. मुलगा झाला.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला तेव्हा सगळे व्हरांड्यात उभे राहून बांध्यांकडं पाहत होते. परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवणी होऊन महिना झाला होता. ढीवर म्हातारा म्हणाला, "परे खनले का लगेच रोवा लागते, गुर्जी. पेंढी बांधून धुऱ्यावर ठेवली तं दोन दिवस हिरवी दिसते." पुढं तो काही बोलला नाही. चौथीच्या वर्गातली मुलं मागं धिंगाणा घालत होती. त्यांना सहा महिन्यांनी शाळा मिळाली होती.

घाटाजवळच्या शेवटच्या घरात एक आजी एकटी राहत होती. सगळे तिला घाटावरची आजी म्हणत. डोंगा आणायला पोरं गेली तेव्हा ती तयारच बसलेली होती. दाराला कडी लावली आणि घराकडं वळून म्हणाली, "येतो." आमच्याकडं बायाही तशाच बोलतात आणि निघताना 'जातो' कुणीच म्हणत नाही. तिच्या गाठोड्यात लुगडं, तांदूळ, औषधाची पुडी आणि जात्याचा खुंटा. घासून घासून काळा कुळकुळीत झालेला, वितभर बाभळीचा खुंटा. मी विचारलं, आजी, हा कशाला? ती म्हणाली, "जातं कोठी जाते? खुंटा वाहून जाते."

बुधवारी पाणी ओसरलं. लोक परत निघाले तसा मी यादीतल्या प्रत्येक नावापुढं 'घरी गेले' लिहून तारीख टाकत होतो. आदल्या संध्याकाळी मी घाटाकडं जाऊन आलो होतो. आजीचं घर बसलं होतं. मातीच्या भिंती विरघळून नुसता ढीग झालेला, त्यात कवेलू रुतलेले. जातं तेवढं जागेवर होतं, खुंट्याच्या भोकात गाळ भरलेला. तिला हे पोरांनी सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं.

तिचं नाव आलं तेव्हा माझा पेन थांबला. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन चालतो की थांबतो हे तिला दिसत होतं.

"लिवा ना, गुर्जी. घरी गेली म्हनून."

मी लिहिलं. तिनं वाकून पानाकडं पाहिलं.

"लिवलं?"

"लिहिलं, आजी."

तिनं गाठोडं काखेत घेतलं आणि पायऱ्या उतरली.